जीबीएस, वाढते बिल आणि पुढचे सहा महिने : सल्ला हवा आहे

गोदाकाठ | १ डिसेंबर २०२४

नमस्कार. आम्ही नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ राहतो. लग्नाला तीन वर्षे झाली आहेत. माझे पती एकतीस वर्षांचे असून अंबडमधील एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतात, तर मी एका खासगी बालवाडीत शिकवते. त्यांचा पगार तेवीस हजार, माझा आठ हजार आणि घराचा हप्ता साडेअकरा हजार, असा आमचा संसार आजवर ओढूनताणून का होईना, नीट चालला होता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांना जुलाब झाले आणि ते दोन-तीन दिवसांत थांबलेही. त्यानंतर आठवड्याभराने पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. एका सकाळी त्यांना बुटाची नाडी बांधता येईना आणि त्याच संध्याकाळी जिना चढता येईना, म्हणून आम्ही जवळच्या खासगी रुग्णालयात गेलो. पाठीच्या कण्यातील पाणी आणि नसांची तपासणी झाल्यावर जीबीएस, म्हणजे गुलेन-बारी सिंड्रोम, असे निदान झाले. वजन ६८ किलो असल्यामुळे इम्युनोग्लोब्युलिन या शिरेतून द्यायच्या औषधाच्या पाच ग्रॅमच्या २८ बाटल्या लागतील, असे सांगण्यात आले आणि पाच दिवसांत त्या देण्यात आल्या. केवळ या बाटल्यांचे सव्वातीन लाख रुपये झाले.

आता आजार वाढणे थांबले आहे, पण पाय अजून गादीवरून उचलले जात नाहीत. अतिदक्षता विभागातील सिस्टर दर काही तासांनी त्यांना एका श्वासात आकडे मोजायला लावतात. मध्यंतरी ते बाराच्या पुढे जात नव्हते, काल मात्र बावीसपर्यंत गेले. व्हेंटिलेटर लावावा लागला नाही, हेच आमचे नशीब.

आजपर्यंतचे बिल ५,४०,००० रुपये झाले आहे. कंपनीचा गट विमा दोन लाखांचा आहे आणि त्यातील एक लाख मंजूर झाले आहेत. खोलीचे भाडे विम्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने कपात होऊन एकूण एक लाख चाळीस हजारच मिळतील, असे रुग्णालयाच्या विमा कक्षाने सांगितले आहे. आमची साठ हजारांची बचत संपली आहे. सासऱ्यांनी निफाडहून दीड लाख आणून दिले. लाल कांदा काढणीला आला आहे आणि व्यापाऱ्याकडून उचल घेतो, असे ते म्हणत आहेत. माझे दागिने मोडायचे किंवा गहाण ठेवायचे, अशी चर्चा घरात सुरू आहे. अशात काल डॉक्टरांनी सुचवले की सुधारणा मंद असल्याने इम्युनोग्लोब्युलिनचा दुसरा कोर्स देऊन पाहता येईल, म्हणजे आणखी सव्वातीन लाख.

हा कोर्स घ्यावा का, त्यांना दुसरीकडे हलवावे का आणि पैशांची व्यवस्था कोणत्या क्रमाने करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

केशरी_सांज | १ डिसेंबर २०२४

ताई, वाचून वाईट वाटले. दागिन्यांना तूर्त हात लावू नका. तुमचे रेशनकार्ड कोणत्या रंगाचे आहे व त्यात पतींचे नाव आहे का, रुग्णालय ट्रस्टचे आहे की डॉक्टरांच्या मालकीचे, आणि पतींच्या पगारपत्रकात कोणकोणत्या कपाती दिसतात, एवढे इथे लिहिलेत तर माहिती असणाऱ्यांना नेमके सांगता येईल.

मज्जारज्जू | १ डिसेंबर २०२४

मी मज्जाविकार विभागात काम करतो. रुग्ण न पाहता उपचार सांगणे योग्य नव्हे, त्यामुळे हे केवळ तुमच्या डॉक्टरांना काय विचारावे यासाठी आहे, असे समजा.

इम्युनोग्लोब्युलिनची ठरलेली मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे एकूण दोन ग्रॅम असते आणि ती सहसा पाच दिवसांत विभागून देतात. तुमच्या पतींना ती पूर्ण मिळाली आहे. या औषधाने नसा लगेच दुरुस्त होत नाहीत. शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने नसांवर चालवलेला हल्ला त्यामुळे आटोक्यात येतो, आणि झालेली हानी भरून यायला त्यानंतर आठवडे किंवा महिने लागतात. म्हणून औषध संपल्यावर लगेच पाय उचलले गेले नाहीत, याचा अर्थ औषध वाया गेले असा होत नाही. आजार सर्वसाधारणपणे दोन ते चार आठवड्यांत आपल्या तळाला पोहोचतो, काही काळ तिथेच थांबतो आणि मग चढण सुरू होते.

दुसऱ्या कोर्सचा प्रश्न नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीत थेट तपासला गेला आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा आजार गंभीर वळणावर होता, अशा रुग्णांनाही दुसऱ्या मात्रेचा फायदा दिसला नाही. उलट गंभीर दुष्परिणाम, विशेषतः रक्ताच्या गुठळ्यांचे, जास्त आढळले. मात्र रुग्ण आधी सुधारला आणि नंतर पुन्हा खालावला, तर परिस्थिती वेगळी असते आणि तेव्हा पुन्हा मात्रा देण्याचा विचार केला जातो. तेव्हा डॉक्टरांना एवढेच विचारा की हे सुधारून पुन्हा बिघडणे आहे की केवळ मंद सुधारणा आहे, आणि मंद सुधारणाच असेल तर दुसऱ्या मात्रेचा आधार काय. नम्रपणे विचारलेल्या अशा प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

दुसरे असे की प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) बदलण्याचा उपचार या औषधाच्या तोडीचा आहे आणि अनेक ठिकाणी तो स्वस्तही पडतो, पण औषधाचा पूर्ण कोर्स झाल्यावर तो जोडून केल्याने वेगळा लाभ होत नाही. स्टेरॉइडचा या आजारात उपयोग होत नाही.

हलवण्याबाबत सांगायचे, तर एका श्वासातील मोजणी वाढत असेल, गिळताना ठसका लागत नसेल आणि नाडी व रक्तदाब स्थिर असतील, तर डॉक्टरांच्या संमतीने काही दिवसांत हलवणे सुरक्षित ठरू शकते. यातील एकही गोष्ट डळमळीत असेल, तर पैशांसाठी घाई करू नका.

बिलाची_बाजू | २ डिसेंबर २०२४

मी बरीच वर्षे रुग्णालयांच्या विमा कक्षात काम केले आहे. तुम्हाला सांगितलेला एक लाख चाळीस हजारांचा आकडा मला पटत नाही.

खोलीचे भाडे मर्यादेबाहेर गेले, की विमा कंपनी इतर काही खर्चही त्याच प्रमाणात कमी करते, हे खरे आहे. पण विमा नियामकाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, वापरून टाकायचे साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आणि अतिदक्षता विभागाच्या आकारालाही लावता येत नाही. तुमच्या बिलातील सर्वांत मोठा आकडा औषधाचा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कपात आधी बिलात होते आणि उरलेल्या देय रकमेला मग विम्याची कमाल मर्यादा लावली जाते. सव्वातीन लाखांचे औषध एकट्यानेच दोन लाखांची मर्यादा ओलांडते, तेव्हा बाकीच्या कपाती कितीही झाल्या तरी तुम्हाला पूर्ण दोन लाख मिळायला हवेत. पॉलिसीत या आजारासाठी किंवा औषधासाठी स्वतंत्र उपमर्यादा नाही ना, तेवढे मात्र कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून पॉलिसीची प्रत मागवून तपासा.

आजच तपशीलवार बिल मागा, ज्यात प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक, छापील किंमत आणि लावलेली किंमत दिसेल. नियामकाच्याच मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रोखरहित उपचाराच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. प्रत्यक्षात उशीर होतोच, पण नियम माहीत असलेल्या माणसाशी कक्षातील लोक वेगळ्या सुरात बोलतात, हे मी पलीकडच्या खुर्चीत बसून पाहिले आहे. नकार किंवा कपात आली, तर ती कोणत्या कलमाखाली केली हे लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि तिथे न सुटल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

आडवाटेचा | २ डिसेंबर २०२४

कटू वाटेल, पण विचारतो. घराचा हप्ता भरणाऱ्या दोन कमावत्या माणसांनी स्वतःचा आरोग्य विमा का घेतला नव्हता? कंपनीच्या दोन लाखांवर आजच्या काळात कोण विसंबून राहतो?

केशरी_सांज | २ डिसेंबर २०२४

प्रश्न रास्त आहे, पण तो विचारण्याची ही वेळ नव्हे. एकतीस हजारांच्या घरात हप्ता, किराणा आणि गावी पाठवायचे पैसे गेल्यावर विम्याच्या हप्त्यासाठी काय उरते, याचाही हिशेब मांडावा. धागा मूळ प्रश्नावर राहू द्या.

गोदाकाठ | २ डिसेंबर २०२४

सर्वांचे आभार. विचारलेली माहिती देते. रुग्णालय चार डॉक्टरांच्या भागीदारीतील आहे, ट्रस्टचे नाही, आणि महात्मा फुले योजनेत नाही. रेशनकार्ड केशरी असून सासऱ्यांच्या नावावर निफाड तालुक्यात आहे. त्यात पतींचे नाव आहे, माझे अजून चढवलेले नाही. पगारपत्रकांचे म्हणाल, तर त्यांचा पगार पूर्वी साडेवीस हजार होता आणि जुलैमध्ये तो तेवीस हजार झाला. जुलै ते सप्टेंबरच्या पत्रकात भविष्यनिर्वाह निधीखेरीज ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, दरमहा १७३ रुपये कापलेले आहेत. ऑक्टोबरपासून ती कपात बंद झाली, कारण एकवीस हजारांच्या वर पगार गेल्याने ईएसआय लागू नाही असे कंपनीने सांगितले आणि त्याऐवजी हा गट विमा दिला.

पाळी_दुसरी | २ डिसेंबर २०२४

ताई, ते १७३ रुपये नीट जपून ठेवा, म्हणजे त्या पत्रकांच्या प्रती काढून ठेवा. मी सातपूरला एका कारखान्यात पगारपत्रके करतो आणि ही गोष्ट कामगारांना समजावून सांगताना दर वर्षी घसा कोरडा पडतो.

ईएसआयमध्ये वर्गणीचे दोन कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड सुरू झाल्यानंतर मध्येच पगार एकवीस हजारांच्या पुढे गेला, तरी त्या कालखंडाच्या अखेरपर्यंत वर्गणी कापावी लागते. तुमच्या पतींची म्हणूनच सप्टेंबरपर्यंत कापली गेली, इथवर कंपनीचे बरोबर आहे. पण प्रत्येक वर्गणी कालखंडाला जोडलेला एक लाभ कालखंड असतो आणि तो मागाहून येतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो, तर एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. वर्गणी कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि तुमच्या पतींनी तर दोन्ही कालखंड पूर्ण भरलेले दिसतात. याचा अर्थ ते आजारी पडले तेव्हा त्यांचा हक्क शाबूत होता आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो ३० जून २०२५ पर्यंत शाबूत राहील. कपात बंद झाली त्याच दिवशी सारे संपले, असे लोक धरून चालतात आणि हक्क सोडून देतात.

यात दोन गोष्टी मिळू शकतात. एक म्हणजे सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातील उपचार आणि तिथे सोय नसल्यास त्यांच्यामार्फत जोडलेल्या रुग्णालयात पाठवणी. दुसरी म्हणजे आजारपणाचा रोख लाभ, जो सरासरी दैनंदिन वेतनाच्या सत्तर टक्के दराने, लागोपाठच्या दोन लाभ कालखंडांत मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. त्यांच्या पगारावर ही रक्कम साधारण चाळीस ते पंचेचाळीस हजारांच्या घरात जाईल. आणीबाणी म्हणून खासगी रुग्णालयात दाखल व्हावे लागले असल्यास त्या खर्चाच्या परताव्यासाठीही अर्ज करता येतो, पण तो मान्य दरपत्रकाप्रमाणेच आणि बऱ्याच पाठपुराव्यानंतर मिळतो, त्यामुळे त्या भरवशावर कर्ज काढू नका.

उद्या विमा क्रमांक, पगारपत्रके, दाखल झाल्याचा दाखला आणि तपासण्यांचे अहवाल घेऊन शाखा कार्यालयात जा. खासगी डॉक्टरांचे प्रमाणपत्र पर्यायी पुरावा म्हणून देता येते, ते रुग्णालयाच्या लेटरहेडवर तारखांसह घ्या. खिडकीवर कुणी 'आता तुमचे नाव बंद आहे' असे म्हटले, तर लाभ कालखंडाबद्दल विचारत आहे, असे स्पष्ट सांगून व्यवस्थापकांना भेटा.

वॉर्ड_क्रमांक_नऊ | ३ डिसेंबर २०२४

मी एका मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. वरील सूचना उत्तम आहे. ती साधली नाही तर दुसरा मार्ग हाताशी असावा, म्हणून लिहितो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिकेत रुग्णाचे नाव असणे पुरेसे आहे, तेव्हा तुमचे नाव नसल्याने अडणार नाही. मात्र रुग्णालय योजनेत असावे लागते आणि मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. आधी झालेले बिल ही योजना फेडत नाही. १५५३८८ या क्रमांकावर फोन करून जीबीएसचे उपचार करणारी जवळची अंगीकृत, म्हणजे योजनेत असलेली, रुग्णालये विचारा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, रुग्ण हलवण्याआधी भेटा, नंतर नव्हे. रुग्णाला गाडीतून उतरवल्यावर कागद शोधणाऱ्या नातेवाइकांची किती फरफट होते, ते आम्ही रोज पाहतो.

ट्रस्टच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न तीन लाख साठ हजारांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दुर्बल घटक म्हणून सवलतीत उपचार मिळतात. तुम्ही म्हणाल, आमचे मासिक उत्पन्न एकतीस हजार, म्हणजे आम्ही त्यात बसत नाही. पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सरलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. साडेवीस आणि आठ मिळून साडेअठ्ठावीस हजार, म्हणजे वर्षाचे तीन लाख बेचाळीस हजार. तुम्ही काठावर का होईना, मर्यादेच्या आत आहात. दाखल्यासाठी आजच कुणाला तरी धाडा.

सध्याच्या रुग्णालयात थकबाकी असेल आणि त्यासाठी रुग्णाला अडवून ठेवण्याची भाषा झाली, तर तसा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही, हे लक्षात ठेवा. त्याच वेळी हेही सांगतो की भांडण करून बाहेर पडण्यापेक्षा व्यवस्थापनाकडे लेखी अर्ज देऊन सवलत आणि हप्ते मागणे अधिक फळते. बिलातील डॉक्टरांच्या भेटी आणि खोलीभाडे यांत रुग्णालयाला हात सैल करता येतो, औषधांत फारसा नाही.

आडवाटेचा | ३ डिसेंबर २०२४

माझ्या मागच्या प्रतिसादाचा सूर चुकला असेल, पण एक उपयोगी गोष्ट सुचवतो. इंटरनेटवर लोकवर्गणी उभारून पाहा. अनेकांना त्यातून लाखो रुपये मिळाले आहेत.

पांगुळगाडा | ४ डिसेंबर २०२४

लोकवर्गणीला माझा विरोध नाही, पण तिचा भरवसा धरू नये. ज्यांच्या ओळखी मोठ्या त्यांनाच ती मोठी मिळते, आणि पतीचा अंथरुणावरचा फोटो जगापुढे टाकण्याचा निर्णय शेवटी त्या दोघांचा आहे.

मी मुद्दाम लिहायला आलो ते वेगळ्या कारणाने. मला हा आजार चार वर्षांपूर्वी झाला. इथे आतापर्यंतची सारी चर्चा रुग्णालयाच्या बिलाभोवती फिरते आहे आणि ते स्वाभाविक आहे, कारण ते बिल रोज हातात येते. पण या आजाराचा निम्मा खर्च घरी परतल्यावर सुरू होतो आणि त्याची पावती कुणी देत नाही. आमच्या घरी पहिल्या पंधरवड्यात जे होते नव्हते ते सारे ओतले गेले. मी घरी आलो तेव्हा बायकोच्या हातात पुढच्या महिन्याच्या किराण्याचेही पैसे नव्हते आणि मला स्वतःहून कुशीवर वळताही येत नव्हते.

घरी काय लागते ते सांगतो. पहिल्या महिन्यांत जवळजवळ रोज फिजिओथेरपी लागते आणि घरी येणारा फिजिओथेरपिस्ट दर भेटीचे पैसे घेतो. पाऊल खाली लोंबते, म्हणून घोट्याला आधार देणारी पट्टी करून घ्यावी लागते. संडासाची खुर्ची, वॉकर आणि काही आठवडे उचलबसव करणारा मदतनीस लागतो, नाहीतर ते काम बायकोच्या कमरेवर येते. पायांत रात्री आग होते, त्यावरची औषधे महिनोन्महिने चालतात. आणि या सगळ्या काळात घरात एक पगार नसतो. दुसराही अर्धाच असतो, कारण रुग्णाला एकटे सोडून शाळेत जाणे जमत नाही. जीबीएसचे सुमारे ऐंशी टक्के रुग्ण सहा महिन्यांनी आधाराशिवाय चालू लागतात, असे मला डॉक्टरांनी सांगितले होते आणि मीही चाललो. पण ते सहा महिने निभावून न्यावे लागतात.

म्हणून ताई, माझा सल्ला असा, की हाताशी असलेल्या पैशांचे आजच दोन वाटे करा आणि दुसऱ्या वाट्याला रुग्णालयाच्या खिडकीवर हात लावू नका. दागिने हा दुसरा वाटा समजा. गहाण ठेवावे लागलेच तर ते फेब्रुवारीत, फिजिओथेरपीसाठी ठेवा, आज दुसऱ्या कोर्ससाठी नको. बँकेला आजच अर्ज देऊन घराच्या हप्त्यात काही महिन्यांची सवलत किंवा मुदतवाढ मागा. हप्ता चुकल्यावर मागणाऱ्यापेक्षा चुकण्याआधी मागणाऱ्याचे बँक जास्त ऐकते. भविष्यनिर्वाह निधीतून आजारपणासाठी आगाऊ रक्कम मिळते, पण ती काढायची घाईही करू नका. मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नका.

फिजिओथेरपी स्वस्तात हवी असेल, तर फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात नाममात्र दरात होते आणि विद्यार्थी मनापासून वेळ देतात. काही महिन्यांनंतरही अडचण राहिली, तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. शिवाय बहुतेक विमा पॉलिसी घरी सोडल्यानंतर साठ किंवा नव्वद दिवसांचा खर्च देतात, पण तुमची दोन लाखांची मर्यादा आधीच संपली असेल, तर तिथून काही येणार नाही, हे धरूनच चाला.

एक शेवटचे. व्यायाम थकवा येईपर्यंत करू नये. गावाकडचे लोक प्रेमाने 'जोर लाव' म्हणतात आणि त्यामुळे दोन दिवस मागे जायला होते.

गोदाकाठ | १९ डिसेंबर २०२४

उत्तर द्यायला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. डॉक्टरांना इथे सुचवलेला प्रश्न तसाच विचारला. त्यांनी त्यांच्या वरिष्ठांशी चर्चा केली आणि ही मंद सुधारणाच आहे, पुन्हा बिघडणे नाही, तेव्हा दुसरा कोर्स देऊ नये, असे ठरले. प्रश्न विचारल्याबद्दल कुणी नाराज झाले नाही.

पॉलिसीची प्रत मागवली. कोणतीही उपमर्यादा नव्हती. कपात कोणत्या कलमाखाली होणार, असे विमा कक्षात लेखी विचारल्यावर नवीन विनंती पाठवली गेली आणि पूर्ण दोन लाख मंजूर झाले. तपशीलवार बिलात वापर न झालेल्या काही साहित्याची नोंद सापडली, ती वगळण्यात आली. उरलेल्या रकमेवर व्यवस्थापनाने थोडी सूट दिली आणि बाकी तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी दिली.

ईएसआयच्या शाखेत पहिल्यांदा 'नाव बंद' हेच ऐकायला मिळाले. व्यवस्थापकांनी मात्र संगणकावर वर्गणी पाहून हक्क मान्य केला. श्वास आणि रक्तदाब स्थिर झाल्यावर पतींना सातपूरच्या रुग्णालयात हलवले आहे आणि तिथे औषधे व फिजिओथेरपीचा खर्च नाही. रोख लाभाचा अर्ज दिला आहे, परताव्याचाही दिला आहे. सासऱ्यांनी व्यापाऱ्याची उचल घेतली नाही आणि दागिने कपाटातच आहेत. बँकेने हप्त्यांची मुदत वाढवून देण्याची तयारी दाखवली आहे, मात्र व्याज चालूच राहील असे सांगितले आहे.

काल त्यांनी वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंतचे अंतर पार केले. पांगुळगाडा यांचे नाव त्यांना सांगितले तेव्हा बऱ्याच दिवसांनी ते हसले.

पाळी_दुसरी | १९ डिसेंबर २०२४

फार बरे वाटले. जानेवारीत नवा लाभ कालखंड सुरू होईल, तेव्हा वैद्यकीय प्रमाणपत्रात खंड पडू देऊ नका. तारखांमध्ये एका दिवसाचे अंतर राहिले तरी रक्कम अडकते.

मुठेकाठ | २८ जानेवारी २०२५

हा धागा शोधत आलो. आम्ही पुण्यात धायरीला राहतो. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसची साथ आली आहे, हे सर्वांनी वाचलेच असेल. माझ्या भावाला काल दाखल केले आहे. तो आणि वहिनी दोघेच इथे असतात. पाण्यातून आलेल्या कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूकडे बोट दाखवले जात आहे. रुग्णालयाने अनामत मागितली आहे. काय करावे?

गोदाकाठ | २९ जानेवारी २०२५

भाऊ, पुणे महापालिकेच्या हद्दीतील रुग्णांवर कमला नेहरू रुग्णालयात आणि पिंपरी-चिंचवडमधील रुग्णांवर यशवंतराव चव्हाण रुग्णालयात मोफत उपचार होतील, असे जाहीर झाले आहे. भावाचा श्वास स्थिर आहे का, ते डॉक्टरांना विचारून तिथे खाट आहे का, याची आजच चौकशी करा. साथ आहे म्हणून तुमच्यासाठी निदान एक दार उघडले गेले. आमच्यासारख्या एकट्यादुकट्या रुग्णासाठी कुणी काही जाहीर करत नाही, आणि हा आजार तर एरवीही वर्षभर कुठे ना कुठे कुणाला तरी होतच असतो. असो, तो विषय वेगळा.

अनामत भरण्याआधी वहिनींना तीन कागद जमवायला सांगा : भावाची मागच्या वर्षभराची पगारपत्रके, गट विम्याची पूर्ण पॉलिसी (नुसते कार्ड नव्हे) आणि शिधापत्रिका. पगारपत्रकात मागील वर्षभरात कधीही ईएसआयची कपात दिसली, तर वर पाळी_दुसरी यांचा प्रतिसाद वाचा. उपचार औषधाने करणार की प्लाझ्मा बदलून, हे पहिल्या दिवशीच विचारा आणि दोन्हींचा अंदाजे खर्च लेखी घ्या. घरात बचत किती आहे ते पाहून तिचा एक भाग आजच वहिनींच्या स्वतंत्र खात्यात टाका. आमचा रोख लाभाचा पहिला हप्ता या आठवड्यात जमा झाला आणि तो पूर्णपणे मदतनीस मावशींच्या पगाराला आणि घोट्याच्या पट्टीला गेला. परताव्याच्या अर्जावर अजून 'प्रक्रियेत आहे' एवढेच उत्तर मिळते आहे.

भावाचे वजन किती आहे आणि त्याला कोणत्या कंपनीचा विमा आहे ते इथे लिहा, बिलाची_बाजू आजही धाग्यावर येऊन गेलेले दिसत आहेत.